वॉरंटी संपलेली गाडी बाहेरच्या गॅरेजला देताना: गॅरेज शोधण्यापासून बिलापर्यंत, क्रमाने

गॅरेजमध्ये पैसे गेले अशी तक्रार करणाऱ्या बहुतेक गाडीमालकांची चूक बिल हातात येण्याच्या बरीच आधी झालेली असते. गाडी बंद पडल्यावर मिळेल त्या गॅरेजात ओढून नेली, "जरा सगळं बघून घ्या" म्हणून चावी दिली आणि किंमत विचारली ती गाडी खोलल्यावर. खोललेल्या गाडीच्या मालकाला भाव करता येत नाही. गाडी उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. म्हणून या सगळ्यात क्रम महत्त्वाचा आहे.

पुढचे टप्पे वॉरंटी संपलेल्या, घरच्या वापरातल्या पेट्रोल-डिझेल गाड्यांसाठी आहेत.

## टप्पा १: गाडी धड चालत असतानाची तयारी

आधी वॉरंटी खरोखर संपली आहे का ते पाहा. गाडी घेताना एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे भरलेले असतात आणि ते घरात कुणाच्याच लक्षात नसतं. ती चालू असेल तर इंजिन, गिअरबॉक्स, स्टीअरिंग आणि ईसीएमची (इंजिन चालवणाऱ्या संगणकाची) कामं कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच करा. बाहेर हात लागलेल्या भागाचा क्लेम कंपनी नाकारू शकते.

मग ओनर्स मॅन्युअल काढून तीन गोष्टी फोनमध्ये टिपून ठेवा: इंजिन ऑइलची ग्रेड (ते किती घट्ट हे सांगणारा आकडा) आणि लिटर, कूलंटचा प्रकार, ब्रेक ऑइल डॉट ३ की डॉट ४. आणि एक वही करा. तारीख, किलोमीटर, काय काम झालं, कोणता पार्ट कोणत्या कंपनीचा बसवला, एवढंच लिहायचं. क्लच चाळीस हजारावर बदलला होता की साठ, हे आठवत नसेल तर मेकॅनिक जे सांगेल ते खरं मानावं लागतं.

## टप्पा २: गॅरेजची पाहणी

पत्र्याची शेड आहे म्हणून नाक मुरडू नका, आणि काचेचं ऑफिस आहे म्हणून भुलू नका. या गोष्टी पाहा:

- तुमच्याच कंपनीच्या दोन-तीन गाड्या कामाला लागलेल्या आहेत का. त्यांच्या खोडी त्या मेकॅनिकला पाठ असतात.
- धूळ खात पडलेल्या, अर्धवट खोललेल्या गाड्या किती. एखादी चालते. पाच-सहा असतील तर काम अर्धवट टाकायची सवय आहे, किंवा पार्टचे पैसे दुसरीकडे वळले आहेत.
- खोललेले नट-बोल्ट ट्रेमध्ये आहेत की जमिनीवर विखुरलेले.
- लिफ्ट किंवा पिट आहे का. नुसत्या जॅकवर गाडी चढवून, खाली स्टँड न लावता माणूस आत घुसत असेल तर तिथून निघा. स्वतःच्या जिवाबाबत बेफिकीर असणारा तुमच्या ब्रेकबाबत काळजी घेणार नाही.
- स्कॅनर (गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारं यंत्र) आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीने नट आवळणारा पाना) आहे का, आणि त्यावर वापराच्या खुणा आहेत का.

यापेक्षाही मोठी खूण बोलण्यात सापडते. तुम्ही तक्रार सांगितल्यावर चांगला मेकॅनिक आधी प्रश्न विचारतो: थंड गाडीला होतं की गरम, कधीपासून, मागे काय बदललं. तक्रार ऐकताच आकडा सांगणारा अंदाज बांधतो आहे. आणि "एसीचं काम मी करत नाही, अमक्याकडे न्या" असं सरळ सांगणारा माणूस भेटला तर त्याला धरून ठेवा. एसी, वायरिंग, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, डेंटिंग-पेंटिंग ही वेगवेगळी कसबं आहेत. सगळं एकाच छताखाली झालं पाहिजे असा हट्ट धरू नका.

## टप्पा ३: पहिलं काम छोटं द्या

नव्या गॅरेजला पहिलंच काम क्लचचं किंवा हेड गॅस्केटचं (इंजिन खोलून बदलायच्या सीलचं) देणं ही सर्रास होणारी चूक आहे. आधी ऑइल, फिल्टर आणि ब्रेक सफाई एवढंच द्या आणि समोर उभे राहा. तासा-दीड तासात बरंच कळतं.

ऑइलचा डबा सीलबंद आहे का आणि ग्रेड मॅन्युअलप्रमाणे आहे का ते पाहा. "सगळ्या गाड्यांना २०डब्ल्यू-४० चालतं" हे आजच्या छोट्या पेट्रोल इंजिनांना लागू नाही. त्यातल्या अनेकांना ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० लागतं. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या बीएस-६ डिझेल गाडीला कमी राखेचं ऑइलच हवं. साधं घातलं तर फिल्टर लवकर भरतो आणि तो महागात पडतो.

जुनं ऑइल गरम असताना काढलं जातं का, चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) ड्रेन बोल्टचा वॉशर नवा घातला का, नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला ऑइलचं बोट फिरवून तो हाताने आवळला का, ते बघा. छोट्या पेट्रोल गाडीत साधारण तीन ते साडेतीन लिटर ऑइल जातं. चार लिटरचा डबा पूर्ण ओतून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. जास्तीचं ऑइल क्रँकशाफ्ट घुसळते, फेस होतो आणि ऑइलचा दाब पडतो.

तपासणी: इंजिन पाच मिनिटं चालवून बंद करा, आणखी पाच मिनिटं थांबा, सपाट जमिनीवर डिपस्टिक पाहा. पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेला लागून पण खालीच असावी. उरलेलं ऑइल डब्यासकट तुमचं आहे, ते डिकीत ठेवून घ्या.

## टप्पा ४: लक्षण सांगा, उपाय सांगू नका

"क्लच प्लेट बदलायची आहे" असं सांगून गाडी दिली की गॅरेज क्लच प्लेट बदलतं. तक्रार कायम राहिली तर गॅरेज म्हणतं, तुम्हीच सांगितलं होतं. त्याचं बरोबरही असतं.

त्याऐवजी असं सांगा: "दादा, गेल्या शनिवारपासून घाट चढताना चौथ्या गिअरला आरपीएम वाढतं पण स्पीड वाढत नाही. गाडी गरम झाल्यावर जास्त. पहिल्या गिअरला उचलताना थरथरत नाही." हे ऐकून कामाचा मेकॅनिक अर्धं निदान तिथेच करतो. आवाज असेल तर फोनवर रेकॉर्ड करा. डॅशबोर्डवर दिवा लागत असेल तर फोटो काढा, कारण गॅरेजात पोहोचेपर्यंत तो विझलेला असतो.

काही लक्षणं नीट ओळखून सांगितली तर निष्कारण पार्ट बदलणं टळतं. स्टीअरिंग ८० ते १०० च्या वेगात थरथरतं पण ब्रेक मारताना नाही, तर आधी व्हील बॅलन्सिंग करून पाहा. ब्रेक मारतानाच थरथरत असेल तर डिस्क पाहावी लागेल. स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की कट-कट-कट असा आवाज येत असेल तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट. वेगासोबत वाढत जाणारा घूं आवाज व्हील बेअरिंगचा किंवा वेडंवाकडं झिजलेल्या टायरचा असतो, आणि टायर पुढे-मागे बदलून पाहिले की दोन्हींतला फरक कळतो. खड्ड्यात टक-टक वाजलं की शॉकअप बदलायचा सल्ला लगेच मिळतो, पण त्याआधी लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश हलवून पाहिलेत का ते विचारा. ते कितीतरी स्वस्त असतात आणि बहुतेक वेळा आवाज त्यांचाच असतो.

सावधान: तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला किंवा ऑइलच्या दाबाचा लाल दिवा लागला तर "गॅरेजपर्यंत नेतो" म्हणू नका. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, टोइंग बोलवा. पावसाळ्यात पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल मारून पाहू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर त्या एका सेलने कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर विमा कंपनी तो खर्च बहुधा देत नाही.

## टप्पा ५: आधी निदान, मग पार्ट

निदानाला वेगळे पैसे मागितले तर द्या. या एका बाबतीत गाडीमालकांचा कंजूषपणा त्यांनाच नडतो. फुकट निदान करणाऱ्याला आपला वेळ पार्ट विकूनच भरून काढावा लागतो.

स्कॅनर लावला म्हणजे निदान झालं असं नाही. कोड म्हणजे फक्त पत्ता. पी०४२० आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) बदला असं सांगितलं जातं, पण गळका सायलेन्सर जॉइंट किंवा दमलेला ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड देतो. पी०३०० म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं. त्यामागे प्लग, कॉइल, इंजेक्टर, हवेची गळती यांपैकी काहीही असू शकतं. एखादी कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर लावून मिसफायर तिच्यासोबत सरकतो का, हे दहा मिनिटांत दिसतं. "बदलायच्या आधी कसं तपासलंत?" एवढा एकच प्रश्न नम्रपणे विचारा. कोड पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो घ्या.

एसीच्या बाबतीत तर हा टप्पा हमखास गाळला जातो. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. थंडावा गेला आणि गॅस कमी निघाला तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरला की पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही परत तिथेच. बरोबर क्रम असा: गळती शोधणं, ती दुरुस्त करणं, अर्धा तास व्हॅक्यूम लावून दाब टिकतो का पाहणं, आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या ग्रॅमइतकाच गॅस वजन करून भरणं. हाताच्या अंदाजाने जास्त गॅस भरला तर थंडावा उलट कमी होतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो.

बॅटरीही अशीच. "बॅटरी गेली" ऐकलं की मल्टिमीटर लावायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ ते १२.७ व्होल्ट आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. चालू गाडीत आकडा वर जात नसेल तर दोष अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) किंवा बेल्टचा आहे, आणि नवी बॅटरीही आठवड्यात बसेल. हल्लीच्या काही गाड्यांत अल्टरनेटर गरजेप्रमाणे दाब कमी-जास्त करतो, म्हणून दिवे आणि एसी लावून पुन्हा मोजायला सांगा.

## टप्पा ६: बोल्ट सुटण्याआधी एस्टिमेट

एस्टिमेट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं तरी चालेल, पण लेखी हवं. त्यात चार भाग वेगळे मागा: पार्ट (कंपनीच्या नावासह), लेबर, बाहेरचं काम आणि ऑइल-कूलंट. बाहेरचं काम म्हणजे लेथवर डिस्क घासणं, हेड फेसिंग, इंजेक्टर टेस्टिंग. हे गॅरेज दुसऱ्याकडून करून घेतं. त्याची पावती मागितली तर कुणी रागावण्याचं कारण नाही.

पार्टचे प्रकार समजून घ्या. गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला ओरिजिनल, त्याच कंपनीला पार्ट पुरवणाऱ्या उत्पादकाच्या स्वतःच्या खोक्यातला, आणि लोकल. दुसरा प्रकार बहुतेक वेळा शहाणपणाचा: बॉशचे फिल्टर, व्हॅलिओ किंवा एक्सेडीचा क्लच, गॅब्रिएलचे शॉकअप, सुब्रोसचे एसीचे भाग. ब्रेक, स्टीअरिंग, बॉल जॉइंट आणि टायमिंग बेल्ट यांत लोकल माल कधीच नको. डोअर हँडल, आरशाची काच, मडफ्लॅपला लोकल चालेल.

पार्ट स्वतः आणावा का? पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसला जाऊन पाच-दहा टक्के वाचतात, हे खरं. पण तो पार्ट महिन्यात गेला तर दुकानदार फिटिंगकडे बोट दाखवतो, मेकॅनिक पार्टकडे, आणि लेबर दुसऱ्यांदा तुम्ही भरता. मेकॅनिकला पार्टवर मिळणारं थोडं मार्जिन राहू द्या आणि त्या बदल्यात पार्ट व लेबर दोन्हींची हमी त्याच्याकडून लिहून घ्या. स्वतः आणायचेच तर टायर, बॅटरी, वायपर आणा.

काही कामं एकत्रच करायची असतात, कारण खोलण्याचं लेबर एकच लागतं. गिअरबॉक्स उतरवला की क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही बदला, आणि क्रँकचं मागचं ऑइल सील गळतंय का पाहायला सांगा. नुसती प्लेट बदलून चार पैसे वाचवणाऱ्याचं बेअरिंग सहा महिन्यांनी ओरडतं आणि गिअरबॉक्स पुन्हा उतरतो. टायमिंग बेल्टसोबत टेन्शनर आणि आयडलर बदला. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही.

उलट काही कामं सर्व्हिसच्या बिलात हळूच घुसतात. दर सर्व्हिसला इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बनायझिंग, एसी निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग. मॅन्युअलच्या तक्त्यात नसेल आणि लक्षणही नसेल तर "आज नको" म्हणा. ब्रेक ऑइल मात्र टाळू नका. ते हवेतला ओलावा ओढतं, त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि घाट उतरताना पेडल स्पंजासारखं खाली जातं. साधारण दोन वर्षांनी बदला.

शेवटी मर्यादा ठरवा: "एस्टिमेटच्या वर पाचशे रुपयेसुद्धा जाणार असतील तर आधी फोन करा, फोटो पाठवा, मी हो म्हटल्यावरच पुढे जा." आणि "जुने पार्ट मला परत हवेत." हे आधीच सांगायचं. काम झाल्यावर मागितलं तर ते भंगारात गेलेले असतात. वॉरंटी किंवा विम्याच्या कामात जुना पार्ट बहुधा कंपनीकडे जातो, तिथे फोटोवर समाधान माना.

## टप्पा ७: गाडी सोडताना

किलोमीटर आणि इंधनाचा काटा एका फोटोत घ्या. चारी बाजूंनी एक व्हिडिओ, त्यात टायर आणि स्टेपनीही. किमती वस्तू, घराची चावी, मूळ कागद काढून घ्या. आरसीची प्रत डिजिलॉकरमध्ये असतेच. जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदीवर) तुमच्याच शब्दांतली तक्रार लिहिली आहे का वाचा. "जनरल चेकअप" असं लिहिलं असेल तर खोडायला लावा.

ॲडव्हान्स मागितला तर पार्टच्या किमतीपुरता, यूपीआयने, "क्लच सेटसाठी" असं नोंदवून. पूर्ण रक्कम आधी देऊ नका.

## टप्पा ८: काम चालू असताना

दिवसाला एक फोन पुरे. पण मोठ्या कामात, गाडी खोललेली असताना एकदा स्वतः जा. नवा पार्ट खोक्यासकट पाहा, खोक्यावरचा पार्ट नंबर आणि हॉलोग्राम बघा, फोटो काढा.

"खोलल्यावर अजून एक निघालं" हे नेहमी खोटं नसतं. क्लच काढल्यावर गळकं सील दिसणं अगदी शक्य आहे. मात्र तो भाग डोळ्यांनी पाहा आणि वाढीव रक्कम लिहून घ्या. ब्रेक पॅडचं उदाहरण घ्या: नव्या पॅडचं मटेरियल साधारण १० मिलिमीटर असतं आणि ३ च्या आसपास आलं की बदलायचं. ६ शिल्लक असताना "संपलेत" म्हणत असतील तर मोजून दाखवायला सांगा. डिस्कची किमान जाडी बहुतेक डिस्कच्या कडेवर कोरलेली असते.

## टप्पा ९: ताबा घेताना, पैसे देण्याआधी

दिवसाउजेडी जा. गाडी धुतलेली असेल तर बॉनेट उघडा, चमकणाऱ्या बॉडीवर समाधान मानू नका.

1. ब्रेकचं काम झालं असेल तर गाडी हलवण्याआधी उभ्या गाडीत पेडल तीन-चार वेळा दाबा. नवे पॅड घातल्यावर पहिल्या दाबाला पेडल खाली जाऊ शकतं. गॅरेजच्या उतारावर हे कळायला नको.
2. चाकं काढली असतील तर नट टॉर्क रेंचने आवळून घ्या. एअर गनने अति आवळलेला नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर सुटत नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा पाहा.
3. अलाइनमेंट केली असेल तर आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला छापील कागद घ्या.
4. मेकॅनिकला शेजारी बसवून, तक्रार ज्या परिस्थितीत येत होती त्याच परिस्थितीत गाडी चालवा. चढावर येत होती तर चढावर, गरम झाल्यावर येत होती तर वीस मिनिटांनी.
5. परत आल्यावर गाडी दहा मिनिटं कोरड्या जागेवर उभी करा आणि खाली ठिपके पाहा. एसीचं स्वच्छ पाणी चालेल. ऑइल किंवा रंगीत कूलंट नको.

## टप्पा १०: बिल

पक्कं बिल घ्या आणि त्यावर हमीची मुदत लिहून घ्या. जीएसटी लावला असेल तर पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक बिलावर हवाच. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने. वर्षाला वीस लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या छोट्या गॅरेजला नोंदणी सक्तीची नाही, त्यात गैर काही नाही. पण नोंदणी नसलेल्याला तुमच्याकडून जीएसटी घेताही येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून स्पेअर पार्टवर १८ टक्के जीएसटी आहे, लेबरवरही १८. पार्टवर जुना २८ टक्के दिसला तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

## विम्यातून काम करताना क्रम वेगळा

आधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेयरची पाहणी होऊ द्या, मगच खोलू द्या. झीरो डेप्रिसिएशन (पार्टच्या जुनेपणाची कपात टाळणारं ॲड-ऑन) नसेल तर प्लॅस्टिक आणि रबरच्या भागांचे निम्मे पैसे तुम्ही भरता, काचेवर कपात नसते. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला तुम्हीच भरायचा हिस्सा: १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये, त्यावर २,०००. क्लेम केला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) जातो, आणि तो ५० टक्क्यांपर्यंत गेलेला असू शकतो. बंपरवरच्या ओरखड्यासाठी क्लेम करण्याआधी ही बेरीज कागदावर मांडा.

## टप्पा ११: तक्रार परत आली तर

त्याच गॅरेजला आधी संधी द्या, पण लेखी: तारीख, किलोमीटर, लक्षण, व्हिडिओ. दुसऱ्या मेकॅनिकने ते खोललं की पहिल्याची जबाबदारी सिद्ध करणं अवघड होतं.

बिलावर वाद झाला तर गाडी जबरदस्तीने काढू नका. केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क भारतीय करार कायद्याच्या कलम १७० ने गॅरेजला दिला आहे. "आक्षेप नोंदवून रक्कम भरत आहे" असं बिलाच्या प्रतीवर आणि मेसेजमध्ये लिहून पैसे द्या, गाडी ताब्यात घ्या आणि मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर ई-जागृती पोर्टलवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. मुदत दोन वर्षं आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. सोबत जॉब कार्ड, एस्टिमेट, बिल, फोटो आणि त्याच कामाबद्दल दुसऱ्या जाणत्या गॅरेजचं लेखी मत जोडा.